मिटत्या डोळ्यांचं आत्मचित्र



ही व्याख्यानमाला एका डॉक्टरांच्या स्मरणार्थ चालते. चित्रकलेवर बोला, असा निरोप आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. एका चित्रकारानं आपल्या डॉक्टरांसाठी काढलेलं एक चित्र आहे, त्यावरच बोलायचं हे तेव्हाच ठरलं. चित्रकार फ्रान्सिस्को गोया. डॉक्टर एउखेनियो गार्सिया अरिएता. शहर माद्रिद, साल १८२०. कॅनव्हासवर तैलरंगात रंगवलेलं हे चित्र सुमारे ११५ सेंटिमीटर उंच आणि ७६ सेंटिमीटर रुंद आहे. १९५२ पासून ते अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. आजचा सगळा वेळ या एका चित्राला द्यायचा आहे. वाटेत दुसरी काही चित्रं भेटतील, पण ती याच्याकडे परत आणण्यासाठी.

पडद्यावर चित्र आलं आहे. थोडा वेळ मी बोलत नाही. आपण नुसतं बघा.

काय दिसतं? पलंगावर बसता केलेला एक म्हातारा. अंगात राखाडी झगा, कमरेपासून खाली लाल पांघरूण. मान मागे कलंडली आहे. डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित उघडे, चेहऱ्यावर रक्त म्हणून नाही. दोन्ही हातांच्या मुठीत चादर गच्च धरलेली. त्याच्या मागे, त्याला जवळजवळ कवेत घेऊन, हिरव्या कोटातले डॉक्टर. त्यांचा एक हात म्हाताऱ्याच्या खांद्याभोवती आहे, दुसऱ्या हातात पेला आहे आणि तो पेला त्यांनी रुग्णाच्या तोंडाशी नेला आहे. मागे अंधार. अंधारात काही चेहरे, पुसट. आणि तळाशी अक्षरांची एक पट्टी.

तो म्हातारा म्हणजे स्वतः गोया. हे त्याचं आत्मचित्र आहे.

आता मला आपल्याला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. आत्मचित्र रंगवायला चित्रकाराला काय लागतं? आरसा लागतो. आरशात बघणारे डोळे लागतात. आणि जे दिसलं ते उतरवणारा हात लागतो. म्हणून तर बहुतेक आत्मचित्रांत डोळे आपल्याकडे रोखलेले असतात. खरं म्हणजे ते आपल्याकडे बघत नसतात, आरशाकडे बघत असतात. आपण नंतर येऊन त्या आरशाच्या जागी उभे राहतो. गोयाची आधीची आत्मचित्रं याच रीतीची आहेत. माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीत त्याचं एक लहानसं चित्र आहे, १७९० नंतरच्या काही वर्षांतलं. मोठ्या खिडकीच्या उजेडात तो उभा आहे, हातात रंगांची पाटी आणि ब्रश, समोर भलामोठा कॅनव्हास. डोक्यावरच्या टोपीच्या काठाला मेणबत्त्या खोचायची सोय केलेली आहे, रात्री काम करता यावं म्हणून. आणि तो थेट आपल्याकडे बघतो आहे. कामात व्यत्यय आला म्हणून मान वळवली, अशा नजरेनं. पुढे १८०० मध्ये राजा चौथा कार्लोस याच्या कुटुंबाचं प्रचंड चित्र त्यानं हाती घेतलं. राजदरबाराचा पहिला चित्रकार हे पद त्याला आदल्याच वर्षी मिळालं होतं. त्या चित्रात सगळं राजघराणं रेशीम आणि पदकं लेवून उजेडात उभं आहे, आणि मागे डाव्या बाजूला, सावलीत, कॅनव्हासपाशी गोया. तिथूनही तो बघतोच आहे. बघणं हे त्याचं काम होतं, हे त्यानं प्रत्येक आत्मचित्रात लिहून ठेवल्यासारखं आहे.

१८१५ चं आत्मचित्र बघा. पुढचं पान. याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक प्रादो संग्रहालयात, एक अकादमीत. गोया ६९ वर्षांचा आहे. गळ्याशी सदरा उघडा, मान एका बाजूला झुकलेली, पाठीमागे नुसता काळोख. कोट नाही, पदक नाही, ब्रशसुद्धा नाही. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या फौजांविरुद्धचं युद्ध त्यानं पाहिलं, माद्रिदमधला दुष्काळ पाहिला, १८१२ मध्ये पत्नी होसेफा गेली. युद्ध संपलं आणि सातवा फर्नांदो गादीवर परत आला, तर त्यानं आल्या आल्या राज्यघटना मोडीत काढली आणि इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, पुन्हा सुरू केलं. हे सगळं त्या चेहऱ्यावर आहे. तरीही डोळे उघडे आहेत.

आणि पाच वर्षांनी हे चित्र. डोळे मिटत आलेले.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आधीच सांगून टाकतो. या चित्रात गोयानं चित्रकाराची दोन्ही साधनं, डोळा आणि हात, स्वतःकडून काढून घेतली आहेत आणि दुसऱ्या माणसाच्या स्वाधीन केली आहेत. बघणारे डोळे अरिएतांचे आहेत. काम करणारे हात अरिएतांचे आहेत. गोयाचे हात काय करत आहेत? चादर धरून आहेत. ज्या हातांनी चाळीस-पन्नास वर्षं ब्रश धरला, कोरणी धरली, त्यांना आता धरायला चादर आहे. तैलरंगातल्या आत्मचित्रांच्या मोठ्या परंपरेत असं धाडस मला दुसरीकडे सहजासहजी दिसत नाही.

हे रंगवलं कसं असेल, याचाही विचार करा. हा क्षण आरशात दिसणं शक्य नव्हतं. ज्याची शुद्ध हरपत चालली आहे, तो माणूस आरसा धरणार कुठून? म्हणजे बरा झाल्यावर, पलंगावरून उठल्यावर, गोया कॅनव्हाससमोर उभा राहिला आणि जे त्यानं कधीच पाहिलं नव्हतं ते त्यानं रंगवलं. त्या क्षणी आपण कसे दिसत होतो हे एकाच माणसाला ठाऊक होतं. हे आत्मचित्र त्या माणसाच्या जागेवरून विचार करून काढलेलं आहे. डॉक्टरांना जो गोया दिसला, तो गोयानं रंगवला. त्यासाठी आधी स्वतःला दुसऱ्याच्या नजरेत ठेवावं लागतं, आणि तेही सर्वांत दुबळ्या अवस्थेत. राजाचा पहिला चित्रकार, वय ७३, तोंड उघडं, मान कलंडलेली. कुठेही स्वतःला सावरून घेतलेलं नाही.

आता अरिएतांचा चेहरा बघा. तो गोयाच्या चेहऱ्याला लागूनच आहे, किंचित वर. त्यांच्या गालावर रक्त आहे, याच्या गालावर राख. दोन चेहरे एकमेकांशेजारी ठेवून रंगाच्या फरकानं आजार सांगितला आहे. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर घाई नाही, दुःखाचं प्रदर्शन नाही. लक्ष आहे. पेला किती कलता करायचा, घोट गिळला जातो आहे का, एवढंच. पेल्याला गोयानं मोजके फटकारे दिले आहेत, पण सगळ्या चित्राची हालचाल त्या पेल्याकडे जाते. पाठीमागून आलेला हात, झुकलेली मान, पुढे आलेला दंड, सगळं तिथे येऊन थांबतं.

आणि इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. गोयाला ऐकू येत नव्हतं.

१७९२ च्या अखेरीस तो आंदालुसियात गेलेला असताना भयंकर आजारी पडला. कादिझ शहरात सेबास्तियान मार्तिनेस नावाचा व्यापारी, चित्रांचा जाणकार संग्राहक, त्याचा मित्र होता. त्याच्या घरी तो अंथरुणाला खिळला. डोक्यात सतत आवाज, चक्कर, तोल जाणं, दृष्टी अधू होणं. दृष्टी सुधारली, तोल सावरला, पण कान गेले ते कायमचे. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. त्यानंतरची ३५ वर्षं तो खुणांवर आणि लिहिलेल्या शब्दांवर जगला. त्याची जी चित्रं आज जग ओळखतं, ती बहुतेक सगळी या निःशब्द काळातली आहेत.

आता आजारपणातल्या त्या क्षणाचा विचार करा. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस काय करतो? धीर देतो. घाबरू नका म्हणतो, एवढा घोट घ्या म्हणतो. हे सगळं आपण आवाजानं करतो. इथे आवाजाचा उपयोग नव्हता. खुणा करून समजवावं, तर डोळे मिटत चाललेले. लिहून दाखवावं, तर वाचणार कोण? अरिएतांकडे एकच भाषा उरली होती, स्पर्शाची. म्हणून तो हात खांद्याभोवती आहे. बसता करण्यापुरता आधार द्यायचा असता तर उशा रचून भागलं असतं. तो हात बोलतो आहे. बहिऱ्या माणसानंच हे इतक्या नेमकेपणी रंगवावं यात नवल नाही, कारण तेव्हा त्याच्यापर्यंत जे काही पोहोचलं ते त्या हातातूनच पोहोचलं असणार. चित्रात दोन माणसांच्या नजरा एकदाही मिळत नाहीत, तरी इतकी जवळीक आहे, ती या हातामुळे.

आता तळाच्या पट्टीकडे येऊ. तिथे स्पॅनिश भाषेत मजकूर आहे. त्याचा आशय असा: १८१९ च्या अखेरीस वयाच्या ७३ व्या वर्षी आलेल्या तीव्र आणि धोक्याच्या आजारातून ज्या कौशल्यानं आणि काळजीनं मित्र अरिएता यांनी आपला जीव वाचवला, त्याबद्दल गोया कृतज्ञ आहे, आणि हे चित्र त्यानं १८२० मध्ये रंगवलं.

मित्रांच्या चित्रांवर असं लिहिण्याची गोयाला जुनी सवय होती. कादिझच्या त्या मार्तिनेसचं व्यक्तिचित्र त्यानं १७९२ मध्येच केलं. त्यात मार्तिनेसच्या हातातल्या कागदावर लिहिलं आहे की हे त्याच्या मित्रानं, गोयानं केलं. पण अरिएतांच्या चित्रातली पट्टी वेगळी आहे. स्पेनमध्ये आणि सगळ्या कॅथलिक मुलखात एक लोकरीत होती. कुणी दुखण्यातून उठलं, बुडता बुडता वाचलं, की एखाद्या गावठी चित्रकाराकडून त्या प्रसंगाचं छोटं चित्र काढून घ्यायचं आणि देवळात नेऊन टांगायचं. वर ढगात संत किंवा कुमारी माता, खाली पलंगावरचा रोगी, आणि तळाशी मजकूर: अमक्या वर्षी, अमक्या आजारातून, अमक्या संताच्या कृपेनं वाचलो. आपल्याकडे नवस फेडतात तसाच हा प्रकार. गोयानं तीच रचना उचलली आहे. पलंग आहे, रोगी आहे, तळाशी तारखेचा मजकूर आहे. फक्त वरच्या ढगातला संत नाही. त्याची जागा रिकामी आहे, आणि पलंगावर, रोग्याच्या शेजारी, हिरव्या कोटातला एक माणूस येऊन बसला आहे. नवस संताचा असता तर चित्र देवळात गेलं असतं. हे चित्र डॉक्टरांना दिलं.

याचा अर्थ गोया नास्तिक होता, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांनी १८१९ चंच एक दुसरं चित्र बघावं. आजारी पडण्याच्या काही महिने आधी त्यानं माद्रिदच्या सान अंतोन शाळेच्या चर्चसाठी एक वेदीचित्र केलं. विषय संत होसे दे कालासान्स याचा अखेरचा प्रसाद. हा संत गोयाच्याच आरागोन प्रांतातला. गरिबांच्या मुलांसाठी फुकट शाळा काढणारा. लहानपणी गोया सारागोसा शहरात याच संताच्या पंथानं चालवलेल्या शाळेत शिकला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. या चित्राच्या मानधनाचा मोठा भाग त्यानं परत केला. चित्रात नव्वदीचा संत गुडघे टेकून आहे, चेहरा पांढराफटक, ओठ विलग, आणि धर्मगुरू त्याच्या तोंडात प्रसाद ठेवतो आहे.

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावतो. बघा. मरणाच्या उंबरठ्यावरचा म्हातारा, उघडे ओठ, आणि त्या ओठांकडे आलेला दुसऱ्याचा हात. एकीकडे प्रसाद, दुसरीकडे पेला. एकीकडे धर्मगुरू, दुसरीकडे डॉक्टर. गोयानं ही जुळणी जाणून केली की ती हातातून आपोआप उतरली, याचा निकाल आपण लावू शकत नाही. पण मला असं ठामपणे वाटतं की कालासान्सच्या चित्रात जी श्रद्धा आहे, तिचीच सगळी गंभीरता त्यानं अरिएतांच्या हातातल्या पेल्याला दिली. श्रद्धा उणी केली नाही. तिचा पत्ता बदलला.

आणि हे त्या गोयानं करावं, ज्यानं डॉक्टरांची इतकी निर्दय थट्टा केली होती!

१७९९ मध्ये त्याची 'काप्रिचोस' ही ८० मुद्राचित्रांची मालिका प्रसिद्ध झाली. ढोंगी धर्मगुरू, लग्नाचे बाजार, चेटकिणी, गर्विष्ठ सरदार, कुणालाच त्यानं सोडलं नाही. त्यातलं चाळिसावं चित्र पडद्यावर आहे. अंथरुणावर रोगी पडला आहे, आणि त्याच्याजवळ बसून त्याची नाडी बघणारा वैद्य म्हणजे एक गाढव, अंगात नीटस कोट घातलेलं. शीर्षकात विचारलं आहे की हा कोणत्या दुखण्यानं मरणार. उत्तर चित्रातच आहे.

कादिझच्या आजारातून बाहेर पडून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. डॉक्टर लोकांचा अनुभव त्यानं भरपूर घेतलेला होता. आणि थट्टा खोटी होती, असंही नाही. त्या काळच्या वैद्यकाकडे होतं तरी काय? रक्त काढणं, जळवा लावणं, जुलाब देणं. लेनेक या फ्रेंच डॉक्टरनं छातीचे आवाज ऐकण्याचं नळकांडं १८१६ मध्ये शोधलं, आणि त्यावरचा त्याचा ग्रंथ निघाला तो नेमका १८१९ मध्ये, गोया आजारी पडला त्याच वर्षी. सिंकोनाच्या सालीतून क्विनाईन वेगळं काढलं गेलं ते १८२० मध्ये. भूल द्यायला अजून पाव शतक होतं, रोगजंतूंची कल्पना रुजायला त्याहून जास्त. म्हणजे अरिएतांच्या पेल्यात काहीही असलं, तरी आजच्या अर्थानं खात्रीचं औषध त्यांच्यापाशी फारसं नव्हतंच. रोग्याला उठवून बसवणं, घोट घोट पाजणं, रात्रभर जवळ राहणं आणि आपलं ज्ञान कुठे संपतं हे ओळखून वागणं, हे त्यांच्या हातात होतं. गोयानं नेमकं तेच रंगवलं. बटव्यातली औषधं रंगवली नाहीत, उपकरणं रंगवली नाहीत, पुस्तकं रंगवली नाहीत. अधिकार दाखवणारी एकही वस्तू डॉक्टरांभोवती नाही.

या सभागृहात डॉक्टर मंडळी बरीच दिसतात. त्यांना मला एवढंच विचारायचं आहे: आपल्या व्यवसायाचं इतकं नेमकं चित्र आपण आणखी कुठे पाहिलं आहे?

गाढवाच्या चित्रात एक हात हातात होता, नाडीसाठी. इथे सगळा माणूस कवेत आहे. वीस वर्षांत गोयाचं मन डॉक्टरांबद्दल पालटलं, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. गाढवही त्यानं पाहिलं होतं आणि अरिएताही पाहिले. जे पाहिलं ते त्यानं लपवलं नाही. थट्टेत जो खरेपणा होता, तोच कृतज्ञतेत आहे.

आता अंधारातले चेहरे. चित्राच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंना, ते आहेत. एकदम दिसत नाहीत, डोळे अंधाराला सरावल्यावर दिसतात. कोण आहेत ते? कुणी म्हणतं घरचे नोकर, कुणी म्हणतं अखेरच्या विधीसाठी बोलावलेला धर्मगुरू, कुणी म्हणतं तापात दिसलेली भुतं, कुणी त्यात आयुष्याचा धागा कापणाऱ्या दैवी बाया बघतं. मला विचाराल तर ते तापातले चेहरे आहेत, कारण त्यांना शरीर नाही. डॉक्टर आणि रोगी यांना वजन आहे. पलंग दबलेला जाणवतो, कापड चुरगळलेलं आहे. मागच्यांना वजन नाही.

हे चेहरे कुठे राहत होते, हेही आपल्याला माहीत आहे. फेब्रुवारी १८१९ मध्ये गोयानं माद्रिदच्या वेशीबाहेर, मान्सानारेस नदीच्या पलीकडे, शेतातलं एक घर घेतलं होतं. बहिऱ्याचं घर असं त्याचं नाव आधीच्या मालकावरून पडलेलं होतं. आजार याच घरात आला. आणि बरा झाल्यावर, १८२० ते १८२३ या वर्षांत, याच घराच्या भिंतींवर, गिलाव्यावर थेट तैलरंगात, त्यानं १४ चित्रं काढली. त्यांना आज काळी चित्रं म्हणतात. आपल्याच पोराचं शरीर खाणारा शनी. चेटकिणींची सभा. वाळूत रुतत चाललेला, नुसतं डोकं वर काढलेला कुत्रा. गुडघ्यापर्यंत रुतून एकमेकांना दंडुक्यांनी मारणारे दोघे. ही चित्रं कुणी मागितलेली नव्हती, कुणाला दाखवायची नव्हती. १८७४ पासून ती भिंतींवरून सोडवून कॅनव्हासवर चढवली गेली आणि आज प्रादोत आहेत. त्या स्थलांतरात त्यांचं बरंच नुकसान झालं.

अरिएतांच्या चित्राच्या मागच्या अंधारात जे चेहरे लहान आणि पुसट आहेत, ते या भिंतींवर येऊन मोठे झाले, असं मला दिसतं. लोक मला विचारतात की एकाच माणसानं, एकाच घरात, एकाच काळात इतकं कोवळं आणि इतकं भीषण कसं रंगवलं. पण अरिएतांच्या चित्रात दोन्ही एकाच चौकटीत आहेतच की. पुढे दोन माणसं, मागे अंधार. पुढच्या दोघांनी मागच्यांना हाकललेलं नाही. फक्त त्यांच्याकडे पाठ केली आहे, कारण समोर काम आहे.

बाहेर स्पेनमध्ये काय चाललं होतं, ते थोडक्यात. १ जानेवारी १८२० रोजी रिएगो या लष्करी अधिकाऱ्यानं बंडाचा झेंडा उभारला. मार्चमध्ये राजाला राज्यघटनेची शपथ घ्यावी लागली. एप्रिलमध्ये गोयाही अकादमीत जाऊन तिची शपथ घेऊन आला. देश आणि चित्रकार एकाच वर्षी अंथरुणातून उठले. देशाचं उठणं तीन वर्षंच टिकलं. १८२३ मध्ये फ्रेंच फौजांच्या जोरावर जुनी राजवट परत आली.

आता दोन चित्रं झटकन दाखवतो, आधीचं एक आणि नंतरचं एक. आधीचं जर्मन चित्रकार ड्यूररचं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं एका कागदावर स्वतःचं उघडं शरीर काढलं, पोटाच्या डाव्या बाजूला पिवळा डाग दाखवला, त्यावर बोट ठेवलं आणि दुखतं ते इथे, असं वर लिहिलं. हे चित्र डॉक्टरांना कळावं म्हणून केलेलं आहे. त्यात रुग्ण एकटा आहे, डोळे उघडे, बोट नेमकं जागेवर; डॉक्टर चौकटीबाहेर. नंतरचं चित्र मेक्सिकोच्या फ्रिदा काहलोचं, १९५१ चं. मणक्याच्या अनेक शस्त्रक्रियांनंतर ती चाकांच्या खुर्चीत बसली आहे आणि शेजारी ईझलवर तिच्या डॉक्टरांचं, हुआन फारिल यांचं चित्र आहे. नवसाच्या लोकचित्रांचा मोठा संग्रह तिनं जमवला होता, त्यांची छाया इथे स्पष्ट आहे. पण तिच्या हातात ब्रश आहेत, आणि रंगाच्या पाटीच्या जागी हृदय. डॉक्टर चित्रातल्या चित्रात आहेत. ड्यूररनं डोळा आणि बोट सोडलं नाही, काहलोनं ब्रश सोडला नाही. आपलं सगळं दुसऱ्यावर सोपवलेला चित्रकार या तिघांत एकटा गोया आहे.

आणि मग पुढे काय झालं? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जीव वाचवला म्हणजे काय वाचवलं, ते त्यावरून कळतं. अरिएतांच्या त्या पेल्यानंतर गोया आठ वर्षं जगला. भिंतीवरची ती चौदा चित्रं या आठ वर्षांतली. १८२४ मध्ये, प्रकृतीसाठी फ्रान्समधल्या झऱ्यांचं पाणी घ्यायचं आहे अशी परवानगी राजाकडून मिळवून, त्यानं स्पेन सोडलं आणि तो बोर्दो शहरात जाऊन राहिला. वय ७८. तिथे त्यानं हस्तिदंताच्या छोट्या तुकड्यांवर चित्रं केली, जी त्यानं आधी कधी केली नव्हती. शिळाछापाचं तंत्र तेव्हा नवं होतं. ते हाताशी घेऊन १८२५ मध्ये त्यानं बैलझुंजींची चार मोठी चित्रं छापली. दगड ईझलवर उभा करून, भिंग डोळ्याला लावून तो काम करायचा, असं त्याला पाहिलेल्यांच्या सांगण्यावरून लिहिलेलं आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमधल्या फेर्रेर या परिचिताला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आता नजर नाही, हात स्थिर नाही, लेखणी नाही, दौत नाही. इच्छाशक्ती मात्र हवी त्याहून जास्त आहे. याच काळातल्या एका रेखाचित्रात दोन काठ्यांवर रेललेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आहे, आणि कोपऱ्यात लिहिलं आहे की मी अजून शिकतो आहे.

मे १८२७ मध्ये त्यानं बोर्दोतल्या एका मित्राचं, हुआन दे मुगीरो याचं तैलचित्र केलं. मुगीरो धंद्यानं सावकार. तो काळ्या कोटात बसला आहे, हातात पत्र आहे. फटकारे मोकळे आहेत, काळ्यात काळा मिसळला आहे, आणि चेहरा असा धरला आहे की चित्र पाहताना रंगवणाऱ्याची नजर अधू होती हे खरं वाटत नाही. त्यावरही त्यानं नेहमीसारखं लिहिलं: मित्र गोयाकडून, बोर्दो इथे, वय ८१.